पाय मोडलेली एबीसीडी

लेकीच्या शाळेने पालकांनाही फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचणं, शिकवायचं ठरवलं. शनिवारी सकाळी कोपरखैरण्यातले एरवी भारदस्त दिसणारे गृहस्थ पहिलीच्या बाकांत गुडघे कोंबून एका सुरात "स्स्स्स" करू लागले. टीचर म्हणाल्या, "अक्षराचं नाव विसरा, आवाज काढा. 'बी' नाही, ब्. 'टी' नाही, ट्." म्हणजे आपली पाय मोडलेली व्यंजनंच की! ज्यांच्यापायी आम्ही छड्या खाल्ल्या, त्यांची इथे वेगळी फी होती.

सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन अशी. का, तर एवढ्यातूनच सॅट, टॅप, पिन, नॅप असे ढीगभर शब्द जुळतात. हे मात्र पटलं. आमच्या वेळी आरंभ ॲपलपासून व्हायचा, आणि कुणी आजारी पडल्याशिवाय सफरचंद घरात यायचं नाही.

गाडी अडली ती मॅजिक ई पाशी. हा शब्दाच्या शेवटी बसतो, स्वतः चकार शब्द काढत नाही आणि आधीच्या स्वराला त्याचं स्वतःचं नाव बोलायला लावतो, लग्नघरातल्या थोरल्या काकांसारखा. पिनचं पाइन, टबचं ट्यूब. एवढ्या भांडवलावर लेक ठाण्याच्या लोकलमध्ये बसली आणि इंग्रजी पाट्या वाचत सुटली. लाफमधल्या जी-एचचा फ होतो ना, मग घणसोलीची 'फनसोली' झाली. "अगं, सुरुवातीचा जी-एच फ होत नाही, घोस्ट बघ," मी म्हणालो. तोवर रबाळ्याचं 'रबेल' झालेलं. शेवटी गाडी थांबली आणि ती दारातून ओरडली, "बाबा, थेन आलं!" पिढ्यान्‌पिढ्यांचे ठाणेकर वाटावेत असे एक काका माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर फोनिक्समध्ये बसत नाही. याच नियमाने पुण्याचं 'प्यून' होतं, हे मी तिला सांगितलं नाही. माझी सासुरवाडी आहे तिथे.

तिची बाजूही घ्यायला हवी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, त्या काळात साहेब टी-ए-डबल एन-ए-एच असं लिहायचा. त्याच्यापुढे 'थेन' परवडलं.

वाचन निभावलं, डिक्टेशनला मात्र खरा घाम फुटला. अक्षरं २६, आवाज ४४ च्या घरात, त्यामुळे एकेका अक्षराला दोन-दोन पाळ्या. त्यात कॅक्स्टन नावाच्या गृहस्थाने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंगं हळूहळू कागदावर घट्ट झाली आणि इंग्रजांच्या जिभा मात्र पुढे सरकत राहिल्या. सरदारवाल्या 'नाइट'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. कर्जवाल्या 'डेट'मधला बी तर कधीच कुणाच्या तोंडात नव्हता. तो विद्वानांनी मूळ लॅटिन आहे हे दाखवायला मागाहून घुसवला. कर्ज कुणाचं, आणि हप्ते पहिलीतल्या पोरीने भरायचे!

आमच्या मराठी शाळेत यावर जालीम उपाय होता. स्पेलिंगला इंग्रजी बोलूच द्यायचं नाही. बुसीनेस. टोमोरोव. वेडनेसडे. क्नोवलेडगे. 'बेआउटीफुल' म्हणताना सौंदर्य पार जातं, पण अक्षर एकही जात नाही. मी हा खजिना उघडला तेव्हा लेकीने कानांवर हात ठेवले. "बाबा, हे फोनिक्स नाहीये!"

"नसू दे. वेडनेसडे लिही."

तिने लिहिलं. बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी वर्गातही आलं, कारण ती लिहिताना मोठ्यांदा पुटपुटत होती. टीचरनी विचारलं, हिने नको तितकं खरं सांगितलं, आणि संध्याकाळी डायरीत बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टीचरनी दार लोटून घेतलं.

"मीसुद्धा झेडपीच्याच शाळेतली," त्या हळूच म्हणाल्या. "ते रेस्टॉरंटचं काय करता हो तुम्ही? माझा ए आणि यू अजून मागेपुढे होतो."

"रेस्ट-आउ-रंट," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.