मजुरी रुपये पाचशे

गेल्या आठवड्यात आमच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली : ‘इमारतीच्या वाहनतळात काही सभासद वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार त्वरित बंद न केल्यास दंडात्मक कारवाई करण्यात येईल.’

काही सभासद म्हणजे मी एकटा. अनेकवचन आदरार्थी असावं. आणि व्यवसाय म्हणजे माझ्याच गाडीचं मागचं डावं चाक.

झालं होतं ते एवढंच. हँडब्रेक ओढला की कटकटकट करत पार वरपर्यंत यायचा आणि गाडी तरीही मागे सरकायची. ठाण्यात कापूरबावडीच्या उड्डाणपुलावर ती अशीच वीतभर सरकली आणि मागच्या स्कूटरवाल्यानं माझ्या खानदानाची मोठ्यानं चौकशी केली. नाक्यावरच्या मेकॅनिकनं याआधी काय केलं होतं, तर हँडब्रेकच्या बुडाशी जो नट असतो तो आवळून केबल ताणून दिली होती. दोनशे रुपये. पंधरवड्यात गाडी पुन्हा पहिल्यासारखी. पुन्हा आवळली, पुन्हा दोनशे. दुखणं चाकात आणि मलम केबलला! मग मोठ्या, काचेच्या, कॉफी देणाऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं चाक न उघडताच सांगितलं, “सर, दोन्ही साइडची पूर्ण असेंब्ली चेंज करावी लागेल.” आकडा ऐकून मी कॉफी अर्धी ठेवली.

त्या अख्ख्या असेंब्लीतली बिघडलेली वस्तू बोटाएवढी आहे. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. त्यांच्यामध्ये एक आट्यांची दांडी असते आणि तिला एक दातेरी चकती. शू झिजत गेले की ती चकती एकेक दात फिरते, दांडी लांबते, शू पुन्हा ड्रमच्या जवळ येतात. याला म्हणायचं अ‍ॅडजस्टर. चार पावसाळे पाणी प्यायलं की आट्यांत गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो, म्हणजे जिथे मुळात केसाएवढी फट आहे तिथे तो पाचर मारून बसतो. चकती फिरत नाही, शू झिजतच राहतात, मग हँडब्रेक ओढा नाहीतर दाराची कडी ओढा, सारखंच.

म्हणून रविवारी सकाळी जुना टी-शर्ट घालून खाली उतरलो. माझी पार्किंगची जागा चिठ्ठ्या टाकून मिळालेली, म्हणजे रॅम्पच्या उतारावर. (ज्यांना सपाट जागा मिळाल्या त्या सर्वांच्या चिठ्ठ्या कमिटीच्याच डब्यात होत्या, हा निव्वळ योगायोग.) उतारावर जॅक लावायची छाती नव्हती, म्हणून गाडी पाहुण्यांच्या जागेत घेतली, गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅकखेरीज खाली स्टँडही दिला आणि चाक काढलं.

आपल्याकडे माणसानं हात काळे केले की बघणाऱ्याला दोनच शक्यता दिसतात. एक, याचे दिवस फिरलेत. दोन, हा मेकॅनिक आहे. दूध घेऊन जाणाऱ्या काकूंनी पहिली धरली आणि हळू आवाजात “सगळं ठीक ना?” विचारलं. फ्लॅट बघायला आलेल्या एका गृहस्थांनी दुसरी धरली. “एसीचं काम करता का?” मी नाही म्हटलं, तर म्हणाले, “मग नुसतं चाकांचंच?” क्लबहाउसच्या ट्रेडमिलवर तासभर कुठेही न जाता पळणाऱ्या माणसाच्या घामाला या इमारतीत फार मान आहे. माझ्या घामातून एक वस्तू दुरुस्त होणार होती, बहुधा त्यामुळेच तो खालच्या दर्जाचा ठरला असावा.

आणि मग बी विंगचे काका आले. स्वतःची खुर्ची घेऊन.

काका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेत. गाडी त्यांना चालवता येत नाही आणि तिच्याबद्दल कुतूहलही नाही. कुतूहल फक्त एका गोष्टीचं : काय बाहेर आलं आणि काय परत गेलं. एरवी मला अरे-तुरे करणारे काका खुर्चीत बसताच ‘आपण’वर गेले. खिशातून पेन आणि कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका काढली, पाठकोऱ्या बाजूवर उभ्या रेघा मारल्या आणि विचारलं, “या कामाला मंजुरी कोणाची?”

“माझीच गाडी आहे, काका.”

“म्हणजे मंजूर करणारा, खर्च करणारा आणि काम करणारा एकच.” त्यांनी मान हलवली. “इथेच सगळं सुरू होतं.”

मी ड्रमकडे वळलो. तो आतल्या गंजाच्या कडेनं शूवर घट्ट बसला होता. पण ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन छोटी भोकं दिलेली असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनं आवळत गेलं की तो टण्णकन सुटतो. सुटला. काकांनी लिहिलं : ‘१) घमेले, लोखंडी, एक.’

“ड्रम म्हणतात त्याला.”

“मी दिसतं ते लिहितो.”

मी एक स्प्रिंग काढली. “ही कोणती?”

“वरची.”

“वरची हे वर्णन झालं? लांबी, रंग सांगा. उद्या आपण नसलात तर दुसऱ्याला कळलं पाहिजे.”

“मी का नसेन?”

काकांनी काही न बोलता जॅककडे पाहिलं.

एकदाच त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल आदर दिसला. एवढ्याशा हँडब्रेकसाठी हा उपद्व्याप कशाला, पायाचा ब्रेक आहे की, असं ते म्हणाले. मी म्हटलं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक असे दोन स्वतंत्र ब्रेक सांगितलेत. काका खुर्चीत सरळ बसले. “नियम क्रमांक?” शहाण्णव. “साल?” १९८९. ते त्यांनी पत्रिकेवर वरच्या बाजूला लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, “हे आधी सांगायचं. आता कामाला आधार आला.”

एवढ्यात धरून ठेवलेली एक छोटी स्प्रिंग पक्कडीतून निसटली आणि टिंग करून कुठेतरी गेली. मी गुडघ्यांवर येऊन शोधू लागलो. काकांनी शांतपणे शेवटच्या रकान्यात लिहिलं : ‘गहाळ.’

“काका, तुमच्या खुर्चीखाली असेल. जरा उठता?”

“मी बसल्यापासून या खुर्चीखाली काहीही आलेलं नाही.”

“अहो, मला दिसतेय! मागच्या पायापाशी चकाकतंय काहीतरी.”

“ती हीच स्प्रिंग कशावरून? जागेचा पंचनामा झाल्याशिवाय मी उठलो, तर वस्तू मूळ जागी होती हे कोण सांगणार?”

खरं सांगतो, त्या क्षणी हातातला पाना मी जरा जास्तच घट्ट धरला होता. पाठ मोडली होती, डासांनी पायाची चाळण केली होती आणि पाहुण्यांच्या जागेत खरोखरचे पाहुणे येऊन हॉर्न वाजवत होते. शेवटी वरून काकूंनी “चहा निवतोय” अशी हाक मारली आणि जे मला, हॉर्नला आणि तर्कशास्त्राला जमलं नव्हतं ते झालं. काका उठले. स्प्रिंग तिथेच होती. त्यांनी ‘गहाळ’ खोडलं नाही. खाडाखोड चालत नाही. त्यापुढे लिहिलं : ‘नंतर मिळून आली. निष्काळजीपणा : सभासद.’

मुख्य मुद्दल मात्र अडूनच बसलं होतं. अ‍ॅडजस्टरवर गंज सोडवायचं तेल मारलं, थांबलो, पुन्हा मारलं. ढिम्म. तेव्हा तेल पुसून, साबणानं स्वच्छ धुऊन, तो चिमट्यात धरून स्वयंपाकघरात नेला आणि लहान बर्नरवर धरला. तापलं की धातू फुगतो आणि गंजाची पकड मोडते. बायको दारात उभी राहून म्हणाली, “त्याच बर्नरवर मुलीचं दूध तापतं.” पुढे काही म्हणाली नाही, हे जास्त भयंकर.

खाली आणून दांडी एका ग्रिप प्लायरमध्ये आणि चकती दुसऱ्यात धरली. इथे एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांत एका बाजूच्या अ‍ॅडजस्टरला नेहमीचे आटे असतात आणि दुसऱ्या बाजूच्याला उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवतोय असं समजून आवळत बसतो. माझ्या डाव्या चाकाचे आटे उलटे होते. जोर लावला, आणि कर्रर्र करून चकती एक दात फिरली. मग दुसरा. एवढा आनंद मला पगारवाढीच्या पत्रानंही दिलेला नाही, अर्थात ती पत्रं तशी नसतातही. तारेच्या ब्रशनं आटे घासले, उष्णतेला टिकणारं ग्रीस शूला न लागेल असं बोटभर लावलं आणि सगळं परत बसवलं. ड्रम चढवून फिरवल्यावर शू किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत चकती फिरवली, आणि मग मेकॅनिकनं चारशे रुपयांत ताणलेली केबल फुकटात सैल केली. क्रम असाच असतो, आधी शू, मग केबल. काका परत आले होते. यादी जुळली. हँडब्रेक आता सहाव्या कटला दगडासारखा धरतो.

“मजुरी?” काकांनी विचारलं.

“माझं मीच केलं. शून्य.”

“शून्य लिहिलं तर काम झालं नाही असा अर्थ निघतो. माणूस चार तास राबलाय. उचित मूल्य दाखवावं लागेल.” आणि त्यांनी लिहिलं : ‘मजुरी रु. ५००/-’ खाली सही, तारीख, आणि माझीही सही. पत्रिकेची एक प्रत त्यांनी काढून आणली आणि माझ्या माहितीसाठी वायपरखाली खोचून ठेवली.

ती संध्याकाळी सेक्रेटरींनी वाचली.

मी त्यांच्याकडे जाऊन सगळं समजावलं. त्यांनी कागद पुढे केला. सुटे भाग, नियम क्रमांक, मजुरी, दोन सह्या. “याला बिल नाही तर काय म्हणायचं?” काकांना साक्षीला नेलं, तर त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “कागद अस्सल आहे.” त्यापलीकडे एक शब्द नाही.

तिसऱ्या मजल्यावर तबल्याचा क्लास चालतो, पाचव्यावरून डबे जातात. चालोत, जावोत, माझी काही तक्रार नाही. पण आपली वस्तू आपण उघडून पाहिली की तो गुन्हा, हे माझ्या अजून पचनी पडत नाही. सेक्रेटरींच्या नव्या गाडीत हँडब्रेकच नाही, बटण आहे. चाकापाशी मोटर आहे, आणि मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी गाडीला यंत्र जोडून ती मोटर मागे न्यावी लागते. उघडायची सोयच नाही म्हटल्यावर त्यांच्या गाडीखाली कोणी कधी सापडणार नाही. ते सभ्य सभासद राहणार, आणि गरज नसताना पूर्ण असेंब्ली बदलून वर ‘सर्व्हिस छान आहे हो’ असं सांगणार. सांगोत.

उजवं चाक अजून राहिलंय. काल काका भेटले, त्यांना ते पक्कं आठवत होतं. “यावेळी आगाऊ मंजुरी घेऊ,” म्हणाले, आणि खिशातून तयार अर्ज काढला. विषय : मागील उजवे चाक. संदर्भ : मागील डावे चाक. आधार : नियम ९६. खाली माझ्या सहीची जागा कोरी होती आणि शेवटी एक अट होती : कामाच्या वेळी निरीक्षकास पंख्याखाली बसण्याची व्यवस्था अर्जदाराने स्वखर्चाने करावी.