हँडबॉलपटू निवृत्त कधी होतो?

फ्रान्सचा हँडबॉलपटू निकोला काराबातिच चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. आमच्या नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीच्या मुली सतराव्या वर्षी होतात. क्रीडागुणांचा, म्हणजे खेळासाठीच्या वाढीव मार्कांचा प्रस्ताव बोर्डाकडे गेला, बारावीचे पेपर झाले, की बूट माळ्यावर. मधली ही तेवीस वर्षं कुठे जातात, यावर बरेच दिवस लिहायचं होतं.

हे नाव ज्यांच्यासाठी नवीन आहे त्यांना आधी सांगते. काराबातिचचा जन्म १९८४ चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या नीश शहरातला. वडील स्वतः गोलकीपर. कुटुंब फ्रान्सला आलं आणि पोरगा तिथेच वाढला. २००३ मध्ये माँपेलिए क्लबनं युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. तीच स्पर्धा त्यानं पुढे २००७ ला जर्मनीतल्या कीलकडून आणि २०१५ ला बार्सिलोनाकडून जिंकली. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं, बीजिंग, लंडन आणि टोकियो. मधे रिओला रौप्य. चार वेळा विश्वविजेता, चार वेळा युरोपविजेता, त्यातलं शेवटचं युरोपीय विजेतेपद जानेवारी २०२४ मधलं. आणि हा माणूस फक्त गोल मारणारा नव्हता. आक्रमणात सेंटर बॅक किंवा लेफ्ट बॅक, म्हणजे लांबून गोलवर मारा करणाऱ्यांच्या जागी खेळायचा आणि चेंडू गेला की बचावात मध्यभागी येऊन समोरच्या धिप्पाड पिव्होटला, म्हणजे गोलजवळ घुसून खेळणाऱ्या आक्रमकाला, अंगावर घ्यायचा. हँडबॉल खेळलेल्यांना कळेल, साठ मिनिटं दोन्हीकडे राबणं म्हणजे काय असतं.

त्याच्या कारकिर्दीवर डागही आहे. २०१२ च्या सट्टेबाजी प्रकरणात फ्रेंच न्यायालयानं त्याला दोषी धरलं, दंड केला. मुलींना मी हेही सांगते. आवडत्या खेळाडूचं तेवढंच लपवून ठेवणं मला पटत नाही.

मला पदकांपेक्षा त्याचा गुडघा जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फाटलं. जंप शॉट मारून एका पायावर उतरणाऱ्या खेळाडूला याहून वाईट दुखापत नाही. तरी पुढच्या ऑगस्टमध्ये तो टोकियोत सुवर्णपदक घेऊन उभा होता. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीनं गुडघा बरा होत नाही. शस्त्रक्रिया, रोजचा फिजिओ, हळूहळू वाढवलेला सराव आणि तो बरा होईपर्यंत वाट बघणारा क्लब, हे सगळं त्याच्यामागे होतं.

आता इथलं बघा. माझ्याकडे एक लेफ्ट बॅक होती, हात असा की नऊ मीटरच्या बाहेरून मारलेला चेंडू गोलकीपरला दिसायचा नाही. आंतरशालेय सामन्यात उतरताना गुडघा गेला. मैदान मातीचं, वर खडे, फक्कीच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या. आई-वडिलांनी कर्ज काढून ऑपरेशन केलं. फिजिओ महिनाभर चालला, मग पैसे आणि वेळ दोन्ही संपले. ती आज उत्तम चालते, नोकरी करते, पण खेळत नाही. तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. शाळेचा संघ पुढच्या वर्षी नव्या मुलींचा झाला, आणि तिला परत यायला जागाच उरली नाही.

यावर लोक म्हणतात, मॅडम, आपल्याकडे पैसा नाही. मला हे अर्धंच खरं वाटतं. कीलची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून जास्त माणसं होती, ठाण्यात १८ लाखांहून जास्त. त्या छोट्या कीलमध्ये हँडबॉलसाठी दहाएक हजार लोक बसतील असं सभागृह आहे. एवढं मोठं आपल्याला नकोच आहे. पण आपल्या शहरांमध्ये जे आधीपासून आहे, ते तरी हँडबॉलला मिळावं.

मी मंडळाबद्दल बोलतेय. कबड्डी आपल्याकडे टीव्हीवरच्या लीगमुळे जगलेली नाही. लीग आली २०१४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून ठाण्या-मुंबईच्या गल्लीबोळांतल्या मंडळांनी आणि व्यायामशाळांनी ती सांभाळली. कबड्डीतला मुलगा शाळेतून बाहेर पडतो आणि मंडळात जातो. तिथे नोकरी करून संध्याकाळी येणारे दादा असतात, पोट सुटलेले पण अजून पकड न सोडणारे काका असतात. कुणी दुखापतीनं वर्षभर बसलं तरी त्याची जागा मोडत नाही. युरोपातले क्लब म्हणजे मुळात हेच, फक्त त्यांना छप्पर आणि पगार आहे. हँडबॉल आपल्याकडे शाळेच्या फाटकातून आला आणि शाळेच्या फाटकातच अडकला.

पोलिस, रेल्वे आणि सैन्यदलाच्या संघांनी हा खेळ देशात टिकवला, हे मी मनापासून मानते. सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचा फायदा झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण ती वाट मोजक्यांची. जून २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि पहिल्याच हंगामात महाराष्ट्र आयर्नमेन विजेते ठरले. मला अतोनात आनंद झाला. पण ती पुरुषांची लीग, सगळे सामने जयपूरला, आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपलेली. घणसोलीच्या मुलीला रोज संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं, याचं उत्तर लीग देऊ शकत नाही.

काराबातिचचा शेवटचा सामना पाहिला असेल तर आठवा. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी, लील शहरात जर्मनीविरुद्ध. काही सेकंद उरले असताना फ्रान्स एका गोलनं पुढे, चेंडूही त्यांच्याकडे. तेवढ्यात फ्रान्सचा पास चुकला, जर्मनीनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३५-३४ नं जिंकली. जर्मनीकडून चौदा गोल मारले ते २२ वर्षांच्या रेनार्स उशिन्सनं. चाळीस आणि बावीस एकाच कोर्टावर! इकडे आमची मुलगी स्वतःपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या खेळाडूविरुद्धसुद्धा कधी खेळलेली नसते.

खरी अडचण जागेची आहे, तीही सांगते. हँडबॉलला ४० बाय २० मीटर लागतात. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५, त्यात मावत नाही. भाड्याची टर्फं चौकाचौकात आहेत, पण कृत्रिम गवतावर टप्पा नीट पडत नाही आणि तासाचं भाडं आम्हाला परवडत नाही. म्हणून मागणी साधी आहे: ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत एकेक सिमेंटचं, दिवे असलेलं मैदान, त्यावर कायमच्या रंगवलेल्या रेषा आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी हँडबॉलसाठी राखीव. छप्पर नंतर बघू.

तोवर आम्ही काही जणींनी शाळा-कॉलेज संपलेल्या मुलींचा संघ बांधायला घेतलाय. वयाची अट नाही. लग्न झालेल्या, मुलं असलेल्या, दहा वर्षं चेंडूला हात न लावलेल्या, सगळ्या चालतील. कळवा, ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, कुठूनही या, कमेंटमध्ये कळवा. गोलकीपर असाल तर आजच कळवा, कारण आमच्याकडे एकही नाही.