बिशपांचे थालर म्हणजे पदके नव्हेत

नाणेसंग्राहकांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपातील बिशपांनी पाडलेली थालर नावाची मोठी चांदीची नाणी ही खरे तर धार्मिक पदके होती, ती बाजारात चालली नाहीत, ती सगळी कॅथलिकांचीच होती आणि म्हणून प्रत्येक नग अतिदुर्मीळ आहे, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

पदकांचा समज संतांच्या चित्रांवरून झाला असावा. आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्गचा आर्चबिशप पारिस लोद्रोन (१६१९–१६५३) याचा थालर हातात घेतला, तर एका बाजूला बाळ येशूसह मेरी आणि दुसऱ्या बाजूला मिठाचे पिंप सांभाळणारा संत रुपर्ट दिसतो. ते पिंप केवळ भक्तिभावाने आलेले नाही, कारण मीठ हा त्या राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. साल्झबुर्गचा आर्चबिशप धर्मगुरू होता, तसाच पवित्र रोमन साम्राज्यातील एका मुलुखाचा सत्ताधीशही होता. कर, न्याय आणि सैन्य त्याच्या हाती होते आणि टांकसाळ हा त्याच सत्तेचा भाग होता. साम्राज्याच्या १५६६ च्या ठरावाप्रमाणे कोलोनच्या ‘मार्क’ या जुन्या वजनाइतक्या धातूतून आठ थालर पाडायचे, म्हणजे एक नाणे सुमारे २९.२३ ग्रॅमचे, आपल्या जुन्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयाच्या अडीचपट. लोद्रोनचे थालर याच मापाच्या आसपास भरतात. पदकाला असा कायदा कोणी लावत नाही, तो बाजारात चालणाऱ्या नाण्यालाच लागतो. १६२८ मध्ये साल्झबुर्गच्या कॅथेड्रलच्या अभिषेकानिमित्त पाडलेले थालर स्मारक होते हे मान्य, पण तेही थालरच होते.

‘सगळे कॅथलिक’ हे तर जर्मनीतील ओस्नाब्रुकपाशीच कोसळते. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानंतर तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बिशप आळीपाळीने येत. १६६२ ते १६९८ या काळात तिथे बिशप असलेला एर्न्स्ट ऑगस्ट लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट होता, विवाहित होता आणि त्याचाच मुलगा पुढे ब्रिटनचा राजा पहिला जॉर्ज झाला. बिशप म्हणून त्याने नाणी पाडली.

राहिला दुर्मिळतेचा प्रश्न, आणि खरी फसवणूक इथेच होते. साल्झबुर्गचाच आधीचा आर्चबिशप लिओनहार्ड फॉन कॉइटशाख याचा १५०४ चा ‘सलगम थालर’ (त्याच्या कुलचिन्हात सलगम होता) खरोखर दुर्मीळ आहे, तर लोद्रोनचे थालर अनेक वर्षांचे आणि सहज मिळणारे आहेत. दोन्हींना एकच विशेषण लावून किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याकडे आधी वर्ष आणि प्रकार विचारावा, नाणे वजन करून घ्यावे आणि कड नीट न्याहाळावी, कारण एकेकाळी दागिन्यात घातलेल्या थालरच्या कडेवर कडी झाळल्याची खूण राहते आणि तेवढ्याने किंमत बरीच उतरते.