तैवानचं नाव न घेता तैवानशी कसं वागावं

तैवानबद्दल चारचौघांत बोलायची वेळ आली तर गांगरून जाऊ नका. चीन या बेटाला आपला प्रांत मानतो, म्हणून त्याला देश न म्हणता त्याच्याशी सगळे व्यवहार करण्याची कला जगाने गेल्या पन्नास वर्षांत चांगलीच घोटवली आहे. तुम्हालाही जमेल. थोडा सराव लागतो आणि बराच निगरगट्टपणा लागतो. अनुभवी मंडळींच्या वागण्यातून वेचलेले काही सल्ले इथे देते. त्यातला एक मी पदरचे पैसे मोजून शिकले आहे, तेव्हा तो लांबला तर सांभाळून घ्या.

सुरुवात इतिहासापासून करा, पण साल सांगू नका. 'प्राचीन काळापासून चीनचाच भाग' एवढं म्हणालात की पुरे. साल सांगितलं की फसलात. 1895 म्हणालात तर कुणीतरी आठवण करून देईल की चीनच्या चिंग राजवटीने शिमोनोसेकीच्या तहात हे बेट जपानला देऊन टाकलं आणि पुढची पन्नास वर्षं ते जपानकडेच होतं. 1949 म्हणालात तर आणखी पंचाईत. यादवी हरलेले चीनचे तेव्हाचे सत्ताधीश च्यांग कै-शेक आपलं सरकार घेऊन तैवानच्या राजधानीत, तैपेईला गेले, इकडे 1 ऑक्टोबरला बीजिंगमध्ये माओंनी लोकप्रजासत्ताक, म्हणजे आजचा चीन, जाहीर केलं, आणि त्या लोकप्रजासत्ताकाने तैवानवर आजतागायत एक दिवसही राज्य केलेलं नाही. ज्या घरात एक रात्र काढली नाही, त्याच्या सातबाऱ्यावर नाव लावायला निघालेल्या चुलतभावाला आपण गावात काय म्हणतो? ते इथे म्हणायचं नाही.

तैवान चीनचाच हे सिद्ध करायला संयुक्त राष्ट्रांचा ठराव क्रमांक 2758 तोंडावर फेका, पण चुकूनही वाचू नका. 25 ऑक्टोबर 1971 चा हा ठराव म्हणतो की चीनची जागा लोकप्रजासत्ताकाची आहे आणि च्यांग कै-शेक यांच्या प्रतिनिधींनी ती सोडावी. तैवान हा शब्द त्यात कुठेही नाही. वाचलात तर हे कळेल, म्हणून वाचू नका.

खेळाच्या मैदानावर 'चायनीज तैपेई' म्हणा. म्हणजे शहराचं नाव घेतल्यासारखं होतं आणि देशाचं घ्यावं लागत नाही. 1981 पासून ऑलिम्पिकमध्ये हेच चालतं. 2024 ला पॅरिसमध्ये ली यांग आणि वांग ची-लिन यांनी पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात चीनच्याच जोडीला हरवून बॅडमिंटनचं सुवर्ण जिंकलं, सलग दुसऱ्यांदा. झेंडा वर गेला तो ऑलिम्पिकसाठी बनवलेला, गाणं वाजलं ते राष्ट्रगीत नव्हे, ध्वजगीत. त्याच स्पर्धेत प्रेक्षकांत एकीने तैवानला प्रोत्साहन देणारा फलक धरला होता, तोही हिसकावला गेला.

कुणी थेट प्रश्न विचारला तर ऐकू आलं नाही असं करा. हा सल्ला माझा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. ब्रूस एलवर्ड यांनी मार्च 2020 मध्ये हाँगकाँगच्या पत्रकाराला मुलाखत देताना तो साऱ्या जगाला करून दाखवला. तैवानच्या सदस्यत्वाबद्दल प्रश्न आला, साहेब गप्प. मग म्हणाले ऐकू आलं नाही. ती म्हणाली परत विचारते, तर म्हणाले नको, पुढचा प्रश्न घ्या. तिने हट्ट धरला, फोन कटला. साथ ऐन भरात होती, आणि ती ज्यांनी सर्वांत आधी ओळखून आवरली त्यांच्यात हेच बेट होतं.

जागतिक व्यापार संघटनेतलं तैवानचं नाव पाठ करा: 'तैवान, पेंघू, किनमेन आणि मात्सु यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश'. एका दमात.

आता पार्सल. तुमचं कुणी तिकडे राहत असेल तर त्याला काहीही पाठवू नका. माझी भाची तैवानमधल्या शिनचूला असते, जावई चिपच्या कारखान्यात आहे. यंदा म्हटलं चकली, अनारसे, भाजणी पाठवावी. कुरियरच्या काउंटरवरचा मुलगा संगणकात देश शोधायला लागला. टी मध्ये नाही. मी म्हटलं, अरे असेल, नीट बघ. तो म्हणाला, "काकू, थायलंड आहे, चालेल?" नाही चालणार! मग सी मध्ये सापडलं, चायनाच्या पोटात, 'तैवान प्रॉव्हिन्स' म्हणून. मी म्हटलं, बाबा रे, हे चीनमध्ये नाहीये, मधे समुद्र आहे, तिकडचा व्हिसा वेगळा, पैसे वेगळे, सरकार वेगळं, कस्टमवाले वेगळे. त्याचं उत्तर ठरलेलं: सिस्टिममध्ये असंच आहे. तरी मी लेबलवर मोठ्या अक्षरांत तैवान लिहून घेतलं. मार्गशीर्ष लागला तरी पार्सलचा पत्ता नाही. ट्रॅकिंगवर बघते तर डबा शांघायच्या कस्टममध्ये! कागद कमी आहेत म्हणे. कसले कागद? चीनमध्ये खाद्यपदार्थ आणायचे कागद! मी चीनला पाठवलंच नव्हतं! शेवटी पार्सल परत आलं, चकलीचा भुगा, अनारशांना बुरशी, आणि पैसे मागितले तर ईमेल: 'ग्राहकाने देश चुकीचा निवडल्यास परतावा मिळत नाही.' मी निवडला? यादी तुमची, नावं तुम्ही लिहिलेली, तैवान तुम्ही चीनच्या पोटात घातलात आणि चूक माझी? फोनवरच्या बाईंना विचारलं की ही यादी आली कुठून, तर म्हणाल्या आंतरराष्ट्रीय मानक आहे. खरं आहे ते. देशांच्या नावांच्या आयएसओ 3166 या मानकात या बेटाची नोंद 'चीनचा प्रांत' अशीच आहे, कारण ते संयुक्त राष्ट्रांच्या यादीवरून नावं घेतात, आणि संयुक्त राष्ट्रांत हे लोक 1971 पासून नाहीत. म्हणजे ज्याला दाराबाहेर काढलं त्याचं नाव काय ठेवायचं हे दाराआड ठरणार, आणि माझी भाजणी शांघायला सडणार. वा! शाब्बास!

असो. सल्ले पुढे चालू.

तैवानचे अननस खाऊ नका. 2021 मध्ये चीनने बंद केले, त्यांच्यात अचानक किडे सापडले होते.

भारतीय असाल तर दूतावासाकडून मार्गदर्शन घ्या. ऑक्टोबर 2020 मध्ये, तैवानचा राष्ट्रीय दिन येणार म्हणून, दिल्लीतल्या चिनी दूतावासाने आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं होतं की तैवानला देश म्हणू नका, तिथल्या नेत्याला राष्ट्राध्यक्ष म्हणू नका. तैवानच्या परराष्ट्र खात्याचं उत्तर अगदीच थोडक्यात होतं: चालते व्हा. आपण तेव्हा टाळ्या वाजवल्या. त्याआधी दोनच वर्षं, 2018 मध्ये, चीनच्या विमानवाहतूक खात्याने डोळे वटारल्यावर आपल्याच एअर इंडियाने संकेतस्थळावर तैवानचं 'चायनीज तैपेई' केलं होतं, ते आठवायचं नाही. आपलं तैपेईतलं कार्यालय 1995 पासून 'इंडिया तैपेई असोसिएशन' आहे, त्यांचं दिल्लीतलं 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. 2024 मध्ये मुंबईतही त्यांनी असंच केंद्र उघडलं, तर चीनने निषेध नोंदवला. दूतावास न म्हणता व्हिसा द्यायचा, राजदूत न म्हणता राजदूत पाठवायचा, आणि मग परराष्ट्र धोरणात किती सूक्ष्मता आहे यावर चर्चासत्र घ्यायचं.

चिप मात्र घ्या. चिपला देश नसतो. जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास तिथेच बनतात, तेव्हा मोबाइल हातात धरून 'वादग्रस्त प्रदेश' असं टाइप करताना अंगठा थरथरू देऊ नका. फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला की धोलेऱ्याला यावरून 2022 मध्ये इथे केवढी रणं माजली! कंपनी तैवानची होती. तेव्हा बरा कुणाला चीनचा प्रांत आठवला नाही. गुंतवणूक आली की तैवान, पत्ता लिहायचा झाला की चीन!

जाऊ दे हो, नाही जमत मला हा आव.

अरुणाचलच्या गावांना चीन पुन्हा पुन्हा नवी नावं देतो तेव्हा तुमचं रक्त उसळतं ना? तिथल्या खेळाडूंना पासपोर्टवर शिक्का न देता कागद टाचून व्हिसा देतात तेव्हा तुम्ही चिडता ना? बरोबरच चिडता. मग तोच देश दुसऱ्या कुणाचं नाव पुसतो तेव्हा त्याचा खोडरबर तुम्ही का धरता? सिस्टिममध्ये असंच आहे म्हणून? सिस्टिम तुमच्यासारख्याच कुणीतरी, कुणाची तरी भीती वाटली म्हणून लिहिलेली असते. तैवानला मान्यता द्या असं मी म्हणत नाही, ते सरकारांचं काम, आणि युद्धाची भीती खोटी नाही हेही मला कळतं. पण पार्सलवर, नकाशावर, बातमीत त्याचं साधं नाव लिहायला कुठलं युद्ध आडवं येतंय? हा निव्वळ भित्रेपणा आहे. त्याला मुत्सद्देगिरी म्हणू नका.

आणि तैवानच्या लोकांना काय हवंय याचा तुम्ही निकाल लावू नका. 1996 मध्ये पहिल्यांदा थेट राष्ट्राध्यक्ष निवडायला निघाले तेव्हा चीनने त्यांच्या बंदरांसमोरच्या समुद्रात क्षेपणास्त्रं टाकली, तरी ते रांगा लावून मतदानाला गेले. त्यांच्यात एकमत नाही. 2024 मध्ये लाय छिंग-ते 40 टक्के मतांवर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले आणि त्यांचा पक्ष संसदेतलं बहुमत गमावून बसला. जुलै 2025 मध्ये विरोधी खासदारांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं, तेही फसलं. कुणाला स्वातंत्र्य जाहीर करायचंय, कुणाला चीनशी जुळवून घ्यायचंय, बहुतेकांना आहे तसंच राहायचंय. भांडू देत. च्यांग यांच्याच पक्षाच्या लष्करी कायद्याखाली 38 वर्षं तोंड बंद ठेवून काढली आहेत त्यांनी, हे भांडण त्यांनी कमावलेलं आहे. 2 कोटी 30 लाख माणसं आहेत ती. त्यांना न विचारता त्यांचं नाव बदलणारे तुम्ही कोण लागून गेलात?