‘कोकणातून नोड चालवणं म्हणजे नेटवर्कला त्रास’ या प्रतिक्रियेला उत्तर

गुहागरहून ज्यांनी प्रतिक्रिया लिहिलीय त्यांच्यासाठी हे. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय.

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. घरी आयटूपीचा, म्हणजे कोण कोणाशी बोलतंय ते लपवणाऱ्या अनामिक नेटवर्कचा, नोड (दुसऱ्यांचं ट्रॅफिक पुढे पोचवणारं त्यातलं एक मशीन) चालवा असं मी लिहिलं होतं. तुम्ही रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणून त्यावर आयटूपीडी हा नोडचा प्रोग्रॅम लावून बघितलात, स्टेटस कायम ‘फायरवॉल्ड’ (बाहेरून कोणी थेट पोचू शकत नाही), घरातलं नेट अडकायला लागलं, पाऊस सुरू झाल्यावर लाईट जायची आणि आल्यावर नोड उठायचा पण काम करायचा नाही, शेवटी कंटाळून काढून ठेवलात. आणि वर असं की कोकणातून असले नोड चालवणं म्हणजे नेटवर्कलाच त्रास, हौस असेल त्याने मुंबईत व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) घ्यावा, आणि मुळात हे नेटवर्क चोरांचं, आपल्या आयपीवरून कोणाचं काय जातंय कुणाला माहीत, उद्या पोलीस दारात आले तर काय.

चिडून लिहिलंय पण करून बघून लिहिलंय, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी पोलिसांचं, कारण विचारत नसले तरी बऱ्याच जणांच्या मनात तेच असतं. तुमची आयटूपी आणि टॉर या दुसऱ्या अनामिक नेटवर्कचा एक्झिट नोड यात गल्लत होतेय. टॉरच्या एक्झिटमधून लोकांचं ट्रॅफिक उघड्या इंटरनेटवर बाहेर पडतं, समोरच्या वेबसाईटला एक्झिटवाल्याचाच आयपी दिसतो, तक्रार आली तर त्याच्याच नावाने येते, म्हणून घरच्या कनेक्शनवर एक्झिट चालवू नका असं टॉरवाले स्वतःच सांगतात. आयटूपी 2003 पासून आहे आणि ते आतल्या आत चालतं. बाहेर पडायला आउटप्रॉक्सी लागतो, तो कोणीतरी मुद्दाम वेगळा उभा करावा लागतो, तुमच्या पायवर आपोआप सुरू होत नाही. तुमच्याकडून पुढे जातं ते सगळं एन्क्रिप्टेड, आधीचा नोड कोण आणि पुढचा कोण एवढंच तुमच्या नोडला कळतं. हां, एक गोष्ट मात्र साफ सांगतो, तुम्ही आयटूपी चालवता ही गोष्ट लपत नाही. पोर्ट (बाहेरून येणाऱ्या कनेक्शनचं दार) उघडा असलेल्या नोडचा आयपी नेटडीबीत, म्हणजे नेटवर्कमधल्या नोडच्या यादीत, सगळ्यांना दिसतो, आणि तुमच्या केबलवाल्यालाही ठरवलं तर कळू शकतं. आत काय चाललंय ते कळत नाही. नोड चालवतो हेच ज्याला लपवायचंय त्याने हा साधा सेटअप वापरू नये.

आता ‘फायरवॉल्ड’. तुम्ही पोर्ट फॉरवर्ड केलंत, तरी फरक पडला नाही, म्हणजे बहुतेक तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, केबलवाला एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतो तो प्रकार. बघायचं कसं, तर ओएनटीच्या (केबलवाल्याने दिलेला फायबरचा डबा) पानावर लॉगिन करून वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तो तुमचा पब्लिक आयपी नाहीच, हा पट्टा 2012 मध्ये याच कामासाठी वेगळा काढलाय. 10 ने सुरू होत असला तरी तोच प्रकार. अख्ख्या वाडीचं टपाल एकाच दुकानाच्या पत्त्यावर यावं तसं हे आहे, दुकानदाराला तुम्ही आधी सांगून ठेवलेलं पत्र तो तुम्हाला देईल, पण न सांगता आलेलं कोणाचं हे त्याला कळणार कसं. तुमच्या ओएनटीत कितीही पोर्ट उघडा, ते दुकान वर केबलवाल्याकडे आहे.

यातून वाटा दोन. एक म्हणजे पैसे भरून पब्लिक आयपी मागा, काही जण देतात. दुसरी मला जास्त आवडते आणि ती फुकट आहे, आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. तुमच्या कनेक्शनला आयपीव्ही6 मिळत असेल, म्हणजे पायवर 2 ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसत असेल, तर तो पत्ता थेट तुमच्या पायचा असतो, मध्ये नॅट (एकाच पत्त्यामागे अनेकांना बसवणं) नाही. फक्त आयटूपीडीत आयपीव्ही6 डिफॉल्टला बंद असतं, ते कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं, पोर्ट स्वतः ठरवून तिथे लिहून टाकायचा, आणि ओएनटीच्या आयपीव्ही6 फायरवॉलमध्ये तोच पोर्ट पायसाठी उघडायचा. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. आयटूपीचे नोड एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलतात, एनटीसीपी2 टीसीपीवर चालतं आणि एसएसयू2 यूडीपीवर, आणि नुसतं टीसीपी उघडून लोक डोकं धरून बसतात. अजून एक, केबलवाल्याच्या ओएनटीच्या पुढे तुमचा स्वतःचा वायफाय राउटर असेल तर नॅट दोनदा होतं, एकीकडे उघडून उपयोग नाही.

आणि समजा यातलं काहीच जमलं नाही, तरी ‘फायरवॉल्ड’ म्हणजे निकामी असं जे तुम्ही धरून चाललात ते बरोबर नाही. असा नोड स्वतःहून बाहेर जाऊन ओळखी करतो, त्यातले दोन-तीन इंट्रोड्यूसर म्हणून ठेवतो, दुसऱ्या कोणाला तुमच्याशी बोलायचं असेल तर निरोप त्यांच्यामार्फत येतो आणि तुमचा नोड आतून रस्ता उघडतो. दुसऱ्यांची टनेल (अनेक नोडमधून जाणारे त्यांच्या ट्रॅफिकचे रस्ते) तुमच्यातूनही जातात, कमी जातात एवढंच. स्टेटसला ‘सिमेट्रिक नॅट’ असं दिसत असेल तर मात्र हे नीट चालत नाही, तिथे आयपीव्ही6 किंवा पब्लिक आयपी घेतल्याशिवाय मार्ग नाही.

घरातलं नेट अडकतं ते का, हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही लक्षणं अगदी बरोबर लिहिलीत: स्पीड टेस्ट लावली तर आकडा चांगला येतो, चालू असलेला व्हिडिओ चालत राहतो, पण नवीन पान उघडायला गेलं की गोल फिरत बसतं, आणि ओएनटी बंद-चालू केलं की थोडा वेळ सगळं सुरळीत. हे बँडविड्थ संपल्याचं लक्षण नाही. बँडविड्थ संपली असती तर सगळंच हळू झालं असतं. हे ओएनटीचं नॅट टेबल भरल्याचं लक्षण आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची एक नोंद ओएनटी आपल्या मेमरीत ठेवतं, आणि केबलवाले देतात त्या स्वस्त ओएनटीत ती जागा थोडी असते. मोबाईल, टीव्ही वगैरे शे-दोनशे नोंदींत भागवतात. आयटूपी नोड शेकडो, मोकळा सोडला तर हजारो नोड्सशी एकाच वेळी बोलतो, त्यात यूडीपीच्या नोंदी बोलणं संपल्यावरही काही वेळ तशाच पडून राहतात. टेबल भरलं की जुनं चालू राहतं आणि नव्याला जागा मिळत नाही. घरातल्यांनी तुमच्या नावाने ओरडणं साहजिक आहे, पण इलाज नोड काढून टाकणं हा नाही.

तुम्हीच लिहिलंय की बँडविड्थला ‘एक्स’ लावलं होतं. एक्स म्हणजे मर्यादाच नाही. आयटूपीडीत एल म्हणजे सेकंदाला 32 केबी, ओ म्हणजे 256, पी म्हणजे 2048. ओ पूर्ण भरून चालला तर दिवसाला एका दिशेने 22 जीबी, महिन्याला येऊन-जाऊन 1300 जीबीच्या आसपास होतात, ज्या प्लॅनना 3300 जीबीची मर्यादा असते त्यात हे आरामात बसतं. म्हणून घरच्या फायबरला ओ पुरे, आणि त्याबरोबर ट्रान्झिट टनेलची, म्हणजे तुमच्यातून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या टनेलची, मर्यादा खाली आणा, सुरुवातीला 500 ठेवा, घरात कोणाची कुरकुर नसेल तर वाढवत न्या. एवढ्याने भागलं नाही तर ओएनटी ब्रिज मोडला टाकून, म्हणजे नॅटचं काम त्याच्याकडून काढून, पुढे बऱ्यापैकी राउटर लावा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, जिथे रोजचा दीड-दोन जीबी डेटा, तिथे ट्रान्झिट बंदच ठेवा.

मग लाईट. आगोटीपासून जे सुरू होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, माडाची झाप तारेवर पडली की गेली, डीपी उडाला की दुसऱ्या दिवशी वायरमन येईपर्यंत गेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. हे सगळं मान्य. पण ‘लाईट आली, नोड उठला, तरी चालेना’ याचं कारण लाईट नाही, घड्याळ आहे. पाय 4 आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळ चालू ठेवणारा सेल नसतो, पाय 5 मध्ये सोय आहे पण सेल वेगळा घ्यावा लागतो. लाईट आली की पाय मिनिटाच्या आत उठतो, शेवटची सेव्ह केलेली वेळ धरून, म्हणजे लाईट तीन तास गेली असेल तर तो तीन तास मागे. ओएनटीचा हिरवा दिवा लागायला त्यापेक्षा वेळ लागतो, तोवर आयटूपीडी सुरू होऊन बसलेला असतो. आणि या नेटवर्कमध्ये प्रत्येक निरोपावर मुदत असते, एक मिनिटाच्या वर फरक असला की समोरचा नोड कनेक्शनच नाकारतो. लॉगमध्ये ‘क्लॉक स्क्यू’ असं दिसेल, तेच हे.

पायवरचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टिमडीचं वेळ जुळेपर्यंत थांबवून ठेवणारं जे युनिट आहे, टाइम-वेट-सिंक, ते चालू करा आणि आयटूपीडी त्याच्यानंतरच सुरू होईल असं त्याच्या युनिटमध्ये लिहा. आयटूपीडीची स्वतःची एनटीपीची (नेटवरून वेळ जुळवण्याची) सोय पण आहे, ती डिफॉल्टला बंद असते. आणि डीएस3231 नावाचं चिमुकलं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं, पायच्या पिनांवर बसतं, बटणासारख्या सेलवर चालतं, ते लावा म्हणजे प्रश्नच मिटला. एसडी कार्डाऐवजी छोटी एसएसडी घ्या, नेटडीबीच्या बारीक फायली सारख्या लिहिल्या जातात आणि लिहिताना लाईट गेली की कार्ड जातं. कार्ड गेलं तर नोडची ओळख पण जाते, म्हणून राउटर डॉट कीज ही फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

नेटवर्कला त्रास होतो का? अचानक गेलात तर तुमच्यातून जाणारी टनेल तुटतात, ज्यांची होती ते नवीन बांधतात. आयटूपीतलं टनेल मुळात 10 मिनिटांचंच असतं. आणि इथेच आपल्या हातात काहीतरी आहे. कन्सोलवर ग्रेसफुल शटडाऊन म्हणून कमांड असते, ती दिली की नोड नवीन टनेल घेणं थांबवतो, आहेत ती 10 मिनिटांत संपू देतो आणि मग बंद होतो. म्हणजे पाय आणि ओएनटीला अर्धा तास पुरवणारा छोटा यूपीएस असला की कोणाचंही काही न तोडता तुम्ही बाहेर पडू शकता. ढग गडगडायला लागले की हेच करा आणि मग प्लग काढा, लॅन केबल पण काढा, फायबरमधून वीज येत नाही पण अॅडाप्टरमधून येते आणि लॅनमधून पुढे जाते.

लाईटच्या बाबतीत तुमचं म्हणणं एका ठिकाणी खरोखर लागू पडतं, तुम्ही वेगळ्या कारणाने लिहिलंत तरी. नुसता नोड चालवायला लाईट जाणं चालतं, पण त्याच नोडवर निनावी साईट ठेवू नका. ठराविक वारी मेंटेनन्सला आपल्या फीडरची लाईट जाते, तेव्हा नेटडीबीतला तुमचा नोड गायब आणि ती साईट पण गायब, दोन्ही एकदम परत येतात. कोणी काही आठवडे नुसतं टिपून ठेवलं तरी साईट कोणाच्या घरी आहे ते शोधायला एन्क्रिप्शन फोडायची गरज नाही. साईट ठेवायचीच तर एकाच किल्लीने दोन वेगळ्या गावांतल्या नोडवर ठेवा, एक गेला तरी दुसरा उत्तर देतो.

व्हीपीएसचं म्हणाल तर घ्या, पण 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाप्रमाणे व्हीपीएसवाल्याला ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपून ठेवावा लागतो. आणि सगळेच नोड मोजक्या डेटा सेंटरमध्ये गेले तर नजर ठेवणाऱ्याला मोजक्याच जागी बसावं लागतं. अनामिकता एकट्याला मिळत नाही, आपलं ट्रॅफिक दुसऱ्यांच्या ट्रॅफिकमध्ये मिसळलं तरच मिळते, आणि ते दुसरे जितके वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या केबलवाल्यांचे तितकं बरं. गुहागरचा धीमा नोड म्हणूनच हवाय.

चोर आहेत का त्यात, आहेत. मी नाही म्हणत नाही आणि ते आहेत याचं मला वाईटच वाटतं. पण 6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला, रिफायनरीबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ते स्वतःच्या नावाने लिहायचे, त्यांना कुठल्या नेटवर्कने वाचवलं नसतं. पण आपल्याच जिल्ह्यात जमिनीचे, वाळूचे, कंपनीचे कागद ज्याच्या हाताला लागतात तो माणूस ते पत्रकारापर्यंत पोचवायला घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नाही. त्याला लपायला गर्दी लागते. आपण सरळ माणसं नोड चालवणं बंद केलं तर त्या नेटवर्कवर उरेल कोण, आणि त्या माणसाने मग कोणात मिसळायचं?

तेव्हा पाय परत काढा. बँडविड्थ ओ, टनेल 500, घड्याळाचा बंदोबस्त, आणि आयपीव्ही6. पहिले एक-दोन दिवस टनेल बांधण्याच्या यशाची टक्केवारी कमी दिसेल, नवीन नोडला बाकीचे हळूहळू ओळखतात, तेवढ्यावरून काढून टाकू नका. दोन दिवसांनीही ‘फायरवॉल्ड’च असेल तर वॅनच्या आयपीचे पहिले दोन आकडे, ओएनटीचं मॉडेल आणि लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी इथे टाका. पूर्ण आयपी आणि आयपीव्ही6 पत्ता खोडून टाका, इथे सगळ्यांना दिसतं.