बेरीच्या बाजारातलं ब्लॅक पुडिंग आणि आपली रक्ती

मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी नावाचं गाव आहे, ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध. डुकराचं रक्त, चरबीचे तुकडे, बार्ली किंवा ओट्स आणि मसाला आतड्यात भरून शिजवलेली, नालासारखी वाकवलेली काळी सॉसेज. बाजारात ती गरम पाण्यातून काढून उभी चिरतात आणि मोहरी लावून हातात देतात. आम्ही घरी आणतो ती रविवारच्या नाश्त्याला. बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या, वरचं साल काढायचं, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी परतायच्या. आतून ती शिजलेलीच असते, त्यामुळे कडा कुरकुरीत झाल्या की लगेच उतरवायची. जास्त हलवली तर भुगा होतो. सोबत अंडं आणि तव्यावरच भाजलेला टोमॅटो.

रक्ती खाल्लेल्या माणसाला ही चव परकी नाही. बकऱ्याचं रक्त मीठ घालून थिजवायचं, उकडून कुस्करायचं आणि भरपूर कांद्यावर कांदा-लसूण मसाल्यात परतायचं. बाजरीच्या भाकरीबरोबर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण आमच्याकडे रक्ती केली की आजी आधी पुढचं दार लोटून घ्यायची. खाटकाकडून डबा आणायचा तोही पिशवीत झाकून.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला. १९८८ च्या शासकीय आदेशाचा दाखला दिला गेला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला. मी बंदीच्या विरोधात आहे. स्वातंत्र्यदिनी कुणी काय शिजवावं हे पालिकेने ठरवू नये. मात्र त्या वादात आमच्या बाजूचे सगळे कोंबडी-मटणावरच बोलत राहिले. रक्ती, वजडी यांचं नाव कुणी घेतलं नाही. ज्या वस्त्यांनी हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांचं ताट आपल्या ‘खाण्याच्या स्वातंत्र्यात’ बसतच नाही का? मला याचा राग येतो.

बेरीच्या परिसरात ज्यू समाज मोठा आहे, मुस्लिमही बरेच आहेत. दोघांच्याही धर्मात रक्त निषिद्ध. ते ब्लॅक पुडिंग घेत नाहीत, पण दुकान बंद करा अशी मागणी माझ्या तरी कानावर आलेली नाही. इथल्या शाकाहारींसाठी रक्त न घालता केलेलं पुडिंगही मिळतं. इथे सगळं गोडच आहे असंही नाही. बरेच उत्पादक आता ताज्या रक्ताऐवजी वाळवलेली भुकटी वापरतात आणि रक्ताचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारे इंग्रज मला रोज भेटतात.

‘पण आपल्याकडे ते अस्वच्छ असतं,’ असं माझा मामेभाऊ म्हणतो. त्याचा मुद्दा खोटा नाही. इथे कत्तलखान्यात जनावर तपासलं जातं आणि जे जनावर खाण्यायोग्य ठरतं त्याचंच रक्त अन्नासाठी घेता येतं. ती व्यवस्था सरकार चालवतं. आपल्याकडेही कत्तलखान्यात पुरेसे पशुवैद्य, रक्त धरायला स्वच्छ भांडी आणि ते थंड ठेवायची सोय पालिकेकडेच मागायला हवी. पुढच्या ऑगस्टमध्ये असा आदेश निघाला तर विरोधाच्या पत्रात या तीन मागण्याही लिहा, आणि रक्तीचं नाव घालून लिहा, असं मी ग्रुपवर कळवलं आहे. मामेभावाने मसुदा करायला घेतला आहे.