सर, पुसू नका!

माध्यमिक शाळेतल्या सरांनी वर्गात शिरण्याआधी दारात क्षणभर थांबावं. आदर-बिदर म्हणून नव्हे. पहिला बाक दाराला खेटून असतो, तो ओलांडायचा कसा हे ठरवावं लागतं.

वीस बाय पंचवीस फुटांची खोली. फळा, टेबल आणि सर यांच्यासाठी पुढची पाच फुटांची पट्टी सोडली की उरतात चारशे चौरस फूट. पटावर मुलं ७८. म्हणजे दरडोई पाच चौरस फूट, उघडलेल्या वर्तमानपत्राएवढी जहागीर. चार फुटी बाक दोघांसाठी बनवलेला, त्यावर तिघं. प्रत्येकाला सोळा इंच. बाकांच्या चार रांगांमधल्या तीन वाटाही सोळाच इंचांच्या. सर त्यातून आडवे होऊन चालतात. पोट सुटलेले सर तिसऱ्या बाकापर्यंतच पोचतात, हे चौथ्या बाकाला चांगलं ठाऊक असतं.

बसवण्याचंही शास्त्र आहे. डावखुरं पोरगं बाकाच्या डाव्या टोकालाच बसवायचं. उजव्या टोकाला बसवलं की त्याचं कोपर मधल्याच्या कोपराला भिडतं आणि प्रमेय अर्ध्यात असताना "सर, ह्यो मला ढकलायलाय" सुरू होतं. मधल्याला पाणी प्यायला जायचं तर टोकाच्यानं उठायचं, उठताना मागच्याचं दप्तर पडतं, पडताना त्यातला डबा उघडतो. मग तास लोणच्याच्या वासानं पुढं सरकतो.

आता वेळेचा हिशोब. तासिका ३५ मिनिटांची. एका नावाला तीन सेकंद धरली तरी हजेरीला चार मिनिटं. आधीचे सर निघून वर्ग शांत होईस्तोवर तीन. उरलेली २८ मिनिटं ७८ जणांत वाटली तर एकेकाला साडेएकवीस सेकंद. एवढ्यात शंका विचारून उत्तर घेता येत नाही. "सर, जाऊन येऊ का?" एवढं मात्र बसतं.

फळ्याचं गणित याहून अवघड. शेवटच्या बाकावरून वाचता यावं तर अक्षर निदान दोन इंचांचं हवं, दोन ओळींत दोन इंच मोकळे. चार फूट उंचीच्या फळ्यावर झाल्या बारा ओळी. पायथागोरसचं प्रमेय आकृती, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं सगळं मांडायला बारा ओळी पुरत नाहीत. डस्टर उचललं की मागून हाक येते, "सर, पुसू नका!" कुठवर आलाव, विचारलं तर पहिला बाक सिद्धता संपवून डबा कधी उघडायचा या विचारात, मधला रचनेवर, शेवटचा अजून साध्यावर. फळा उभा दुभागावा, उजवा भाग भरेस्तोवर डावा पुसू नये, हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय. तरी "समोरच्याच्या डोक्यानं दिसना गेलंय" ही तक्रार उरतेच. समोरच्याचं डोकं पुसता येत नाही.

"समजलं का?" याला "होऽऽ सर" असं उत्तर येतं. ते पहिल्या तीन बाकांचं असतं. पहिले बाक हुशारीनं लक्षात राहतात, शेवटचे खोड्यांनी. अवघड आहे ते मधल्या चाळीस जणांचं. ना उत्तर देतात, ना भांडतात. त्यांची नावं सरांना पालकसभेत कळतात, तीही पालकांनी सांगितली तर. खचाखच वर्गाचं खरं नुकसान मला विचाराल तर इथं होतं. गोंगाटाची सवय होते हो.

प्रयोगाचा तास हा वेगळाच सोहळा. सूक्ष्मदर्शी एक, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब. एकेकाला वीस सेकंद दिली तरी २६ मिनिटं. पाचवा-सहावा कुणीतरी मोठा स्क्रू फिरवतो, भिंग खाली येऊन वरची पातळ काच तडकते, आत हवा शिरते. पुढची सगळी पोरं हवेचा बुडबुडा बघतात आणि वहीत तो 'केंद्रक' म्हणून नीट नाव देऊन काढतात. आकृती सुबक आली की सरही बरोबरची खूण करतात, कारण एका वहीला दोन मिनिटं धरली तरी एका तुकडीच्या वह्यांना अडीच तासांहून जास्त लागतात, आणि तुकड्या चार.

गंमत बोर्डाच्या परीक्षेत. तिथं एका ब्लॉकमध्ये २५ जण, एका बाकावर एक. वर्षभर कोपरं आवळून लिहिलेल्या पोराला अख्खा बाक मिळतो आणि पहिली दहा मिनिटं हात कुठं ठेवावा ते त्याला सुचत नाही.

बीडकडं दिवाळीनंतर बाक मोकळे होतात. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांसोबत काही पोरं जातात. हा मोकळेपणा कोणत्याच मास्तराला नको असतो. कारखाने बंद झाल्यावर ती परततात, तेव्हा वर्ग कितीतरी धडे पुढं गेलेला असतो. उरलेल्यांचीच ओढाताण चाललेली, यांच्यासाठी थांबायचं कुणी?

मग तुकडी वाढवा की, असं लोक सहज म्हणतात. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक आहे. नववीत गेलं की तो कायदाच संपतो. तुकडीला खोली लागते, मंजूर पद लागतं. पद ठरतं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते सरकार पटावरून ठरवतं तेव्हा, आणि तिथं ३० सप्टेंबरचा आधार जुळलेला पट धरतात. ज्याच्या आधारवर नाव नाहीतर जन्मतारीख चुकली, ते पोरगं बाकावर सोळा इंच अडवतं, पण कागदावर नसतं. इकडं ही दाटी, आणि चार कोसांवरच्या खेड्यात गुरुजी पट टिकवायला घरोघर फिरतात. नावाजलेल्या शाळेचा हट्ट पालकांचा, आणि नाही म्हणवत नाही संस्थेला.

म्हणून ऑगस्टातही शिपाईमामा चिठ्ठी घेऊन येतात: दोन नवे प्रवेश, वर्गात बसवून घ्यावे. सव्वीस बाकांवर तिघं-तिघं बसून झालेले. सत्ताविसावा बाक मांडायला सरांचं टेबल व्हरांड्यात जातं, हजेरीचा कॅटलॉग खिडकीत. त्या नव्या बाकावर दोघं बसली की एक जागा शिल्लक राहते. हे मात्र ऑफिसात कुणाला सांगायचं नसतं.